अंजदीव की जुवे? एक रविवार, एक बेट

मराठे आणि पोर्तुगीज यांच्या झटापटीची जागा डोळ्यांनी बघायची आहे आणि हाताशी एकच रविवार आहे, तर सरळ गोव्यातल्या जुवे बेटावर जा. अंजदीवचा इतिहास जास्त रंगतदार आहे, हे मान्य करूनच सांगतो.

अंजदीव म्हणजे कारवारच्या किनाऱ्यासमोरचं, पण कारभारानं गोव्याचं बेट. १५०५ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मैदानं इथं किल्ला उभारला आणि लवकरच तो सोडूनही दिला. पुढे मुंबई ताब्यात मिळण्याची वाट बघत अब्राहम शिपमनची इंग्रज फौज इथं कुजत पडली. बहुतेक सैनिक रोगराईनं गेले, १६६४ मध्ये खुद्द शिपमनही. १६८२ मध्ये संभाजीराजांनी बेटावर नजर टाकली, तर पोर्तुगीजांनी घाईनं तळ ठोकून नवा किल्ला बांधायला घेतला. गोवामुक्तीच्या वेळी, डिसेंबर १९६१ मध्ये, बेट घेताना नौदलाचे सात जवान धारातीर्थी पडले.

हे सगळं खरं, पण बघणार कसं? बेट आज कारवारच्या नौदल तळाचा भाग आहे. तिथल्या ब्रोतास सायबिणीच्या (मेरीमातेच्या) फेस्ताला, म्हणजे सणाला, पूर्वी भाविक होड्यांनी जायचे, आता सामान्य माणसाला तिथं मज्जाव. कारवारला गेलात तर किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून ठेवलेली ‘चपळ’ युद्धनौका बघून परतायचं, एवढंच.

जुवे, म्हणजे सांत इस्तेव्ह, मांडवीच्या पाण्यातलं गाव. माशेलकडून पुलावरून गाडी थेट बेटावर जाते. टेकडीवर किल्ल्याचे मोजकेच अवशेष आहेत. भक्कम बुरूज बघायची हौस असेल तर निराश व्हाल. पण वर उभं राहिलं की २४ नोव्हेंबर १६८३ ची रात्र समजते. मराठे अंधारात वर चढले आणि त्यांनी किल्ला घेतला. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज व्हाइसरॉय काउंट द आल्व्होर किल्ला सोडवायला आला आणि मार खाऊन, जखमी होऊन कसाबसा पलीकडे पोचला. खाली खाजनं (खाडीकाठची सखल शेतं), बांध, मानशी (पाणी अडवायची दारं) आणि भरतीचं पाणी दिसतं. पळणाऱ्यांची त्यात काय गत झाली असेल, ते कुणी समजावून सांगावं लागत नाही. चिटणीस खंडो बल्लाळांनी पाण्यात उडी घेऊन संभाजीराजांना वाचवलं, ही बखरींतली कथाही इथलीच.

सकाळी लवकर निघा, माथ्यावर सावली कमी. सोबत पाणी घ्या. परतताना गावची सात शिरांची भेंडी मिळाली तर सोडू नका.