जुन्या गाडीसाठी बॅटरी: पाण्याची की एजीएम?

गाडी जुनी आणि महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळीच निघणारी असेल, तर साधी पाण्याची बॅटरी घ्यावी की एजीएम, म्हणजे आम्ल काचेच्या तंतूंच्या थरात शोषलेली बंद बॅटरी? आधी चार्जिंग तपासा, निम्मा निर्णय तिथेच होतो. इंजिन गरम झाल्यावर रेस वाढवा आणि बॅटरीच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावा. डायनॅमो (जुन्या गाड्यांतला बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) आणि व्होल्टेज आवरणारा जुना मेकॅनिकल रेग्युलेटर असेल तर व्होल्टेज भरकटतं. ते सतत १४.८ व्होल्टच्या वर राहिलं तर एजीएम आतून कोरडी पडते आणि तिच्यात पाणी भरायची सोय नसते. पाण्याची बॅटरी हा जाच बराच सोसते. प्लेटा बुडतील इतकं डिस्टिल्ड वॉटर मात्र वेळेवर घालायला हवं. शिवाय हायड्रोमीटरने (आम्लाची घनता मोजणाऱ्या नळीने) तिचा प्रत्येक सेल वेगळा तपासता येतो. बाकीचे १.२६५ च्या आसपास आणि एकच १.१५ वर, म्हणजे तो सेल गेला.

उभ्या गाडीत एजीएम सरस. ती आपोआप कमी उतरते, आम्ल सांडत नाही, ट्रेचा पत्रा गंजत नाही. बॅटरी सीटखाली किंवा डिकीत असेल तर हा मुद्दा फार मोठा.

किंमत एजीएमची जास्त. १२.४ व्होल्टच्या खाली पडून राहिल्या तर सल्फेशन (प्लेटांवर सल्फेटचा थर बसणं) दोघींनाही होतं, म्हणून मेंटेनर, म्हणजे बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर, दोघींना हवा. एजीएमला एजीएम मोड असलेला.

डायनॅमो मूळचाच ठेवायचा असेल तर पाण्याची घ्या. त्याच्या जागी अल्टरनेटर (नव्या प्रकारचा जनरेटर) बसवलेला, व्होल्टेज १४.४ च्या आसपास स्थिर आणि गाडी बहुतेक उभी असेल, तर एजीएम. पॉझिटिव्ह अर्थ गाडीत (बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेल्या) टर्मिनलची बाजू आणि केबलची लांबी आधी जुळवून बघा.