भांडी न्या, पण दोन माणसंही न्यावी लागतील

आधी तक्रारी. मोठ्या बघुण्याचं झाकण तीन वर्षांपासून हरवलेलं आहे. वगराळी, म्हणजे वाढायचे डाव, दोनच आहेत, त्यातल्या एकाचा दांडा हलतो. आणि खोलीची किल्ली ज्या काकांकडं असते ते दुपारी दोन ते चार फोन उचलत नाहीत. एवढं सोडलं तर जालन्यातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीचं, म्हणजे चर्चचं, भांडी-भांडार झकास चाललंय. मी एसटीत तीस वर्षं कंडक्टर होतो, त्यामुळं सेवा देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची, दोघांचीही कुरकुर मला पाठ आहे.

उपासना होते त्या इमारतीच्या मागं एक खोली आहे, पूर्वी तिथं शब्बाथ शाळा, म्हणजे पोरांना बायबल शिकवायची रविवारची शाळा, भरायची. आता तिथं तीनशे ताटं, तेवढ्याच वाट्या, पेले, चार पराती, दोन शेगड्या, सतरंज्या आणि ते बिनझाकणाचं बघुणं. मयतीला भाडं नाही. लग्न, साखरपुडा, बाप्तिस्मा असेल तर उपकारस्तुतीचं, म्हणजे देवाचे आभार मानून द्यायच्या दानाचं पाकीट, आत किती घालायचं ते तुमच्यावर. हरवलं त्याच्या बदल्यात तसलंच आणून द्यायचं.

अट एकच, भांडी एकटी जात नाहीत. महिला मंडळ आणि तरुण संघाची पाळीची यादी आहे. ज्यांची पाळी असेल ती दोन माणसं ताटांबरोबर तुमच्या घरी येतात, वाढतात, घासू लागतात आणि मोजून परत नेतात. यात फार काही आध्यात्मिक होतं असं समजू नका. ताटं कमी परत यायची म्हणून दोघांना राखणीला पाठवायला सुरुवात झाली, असं काकाच सांगतात. नुसतं बसून राखण करायचा कंटाळा आला म्हणून माणसं वाढायला लागली.

मुलीच्या साखरपुड्याला आमच्याकडं आल्या एक विधवा मावशी आणि सळईच्या मिलमध्ये कामाला असलेला एक पोरगा. रविवारी मावशींना नुसता सलाम करायचो, नाव माहीत नव्हतं. आमच्या हिला हे अजिबात पटलं नाही. "घरात तिऱ्हाईत बाई आणून बसवायची, तेही ताटांपायी?" मावशींनी सकाळीच येसराच्या आमटीत मीठ कमी आहे असं सांगितलं, दुपारी चहाचा डबा कुठल्या फळीवर असतो ते पाहून ठेवलं, आणि संध्याकाळपर्यंत माझा धाकटा भाऊ माझ्याशी का बोलत नाही हेही त्यांना कळलेलं होतं. भाडं फुकट असलं तरी ही किंमत मोजायची तयारी ठेवा. ज्यांना घरातलं झाकून ठेवायचंय त्यांनी सरळ मंडपवाल्याकडं जावं.

पुढच्या पावसाळ्यात आई गेली, पहाटे. मी पाळकसाहेबांना फोन केला, बाकी काही सुचत नव्हतं. उजाडायच्या आत मावशी दारात, रिक्षात पन्नास ताटं आणि पेले. वहीत नोंद नाही, पाळीही त्यांची नव्हती. कुणाला काही न विचारता त्यांनी चहाचा डबा काढला. माती उरकून आम्ही कबरस्तानातून परतलो तेव्हा पिठलं-भाकरी वाढून ठेवलेली होती, आणि भावाचं ताट माझ्या शेजारी मांडलेलं होतं. तो बसला. बोलला नाही, पण बसला.

आता जी तक्रार मोठी होती ती. सुरुवातीला ही भांडी फक्त रजिस्टरात नाव असलेल्या जुन्या घरांना मिळत. ऊसतोडीची कामं सोडून शहरात भाड्यानं राहायला आलेली कुटुंबं वर्ष-वर्ष उपासनेला येत होती, पण यादीत नव्हती. मासिक सभेत त्यांच्यातली एक बाई उभी राहिली. म्हणाली, आमच्या दारात मयत पडलं होतं आणि ताटं मंडपवाल्याची आणावी लागली. सभा गप्प. पाळकसाहेबांनी बायबलातलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, सहावा अध्याय काढला. पहिल्या मंडळीतही भांडण अन्नावरूनच झालं होतं: ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जायचं. मग त्या कामावर सात जण नेमले, आणि सातांचीही नावं ग्रीक आहेत. हे मी कितीदा वाचलं असेल, नावांकडं कधी लक्ष गेलं नव्हतं. आमच्याकडंही सात जण निवडले, चार नव्या घरांतले. जुन्यांपैकी दोघं महिनाभर रुसून होते.

हे डावलणं आम्हाला तरी कळायला पाहिजे होतं. आजोबा सांगायचे, भाड्यानं भांडी मागायला गेलं की वस्तीचं नाव ऐकून मालक "बाहेर गेलीत" म्हणायचा, आणि मागं ढीग दिसत असायचा. ज्यांना गावच्या विहिरीवर पोहरा टाकू देत नसत अशांमधूनच आमच्या भागात बरेच लोक ख्रिस्ती विश्वासात आले. एकोणिसाव्या शतकात नारायण शेषाद्री या ख्रिस्ती धर्मोपदेशकांनी जालन्याजवळ अशा लोकांसाठी बेथेल हे गाव वसवलं. ते स्वतः ब्राह्मण घरातले, १८४३ साली बाप्तिस्मा घेतलेले. नुसत्या उपदेशावर वस्ती उभी राहत नाही, जमीन लागते, पाणी लागतं. आणि माझं म्हणाल तर ताटंही लागतात.

जायचं असेल तर लग्नासाठी मेमध्ये पंधरा दिवस आधी सांगून ठेवा, एरवी आठवडा पुरे. काका ताटं मोजत असताना गप्पा मारू नका, ते पहिल्यापासून मोजतात. वगराळं घरचं न्या. पाचपैकी साडेचार तारे. राहिलेल्या अर्ध्या ताऱ्यासाठी, म्हणजे झाकणासाठी, मी मिलमधल्या त्या पोराच्या मागं लागलोय. तो म्हणतो, "काका, आमच्याकडं सळया होतात, झाकणं नाही."

तोवर बघुण्यावर परात पालथी घालतो.