पाणपक्षी मोजायचा टॅली काउंटर: स्टीलचाच घ्या

कडी बोटात अडकवायची आणि अंगठ्याने दाबत राहायचं, एवढंच हे यंत्र. दर दाबाला आकडा एकने पुढे, 0000 ते 9999. बाजूची कळ फिरवली की परत शून्य. बॅटरीची भानगड नाही.

मी घेतला तो नवी मुंबईतल्या नेरूळच्या डीपीएस तलावासाठी. 2024 च्या एप्रिलमध्ये इथे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) मेलेले सापडले. भरतीचं पाणी आत यायची वाट बुजून तळं आटत चाललं होतं. ते दिवस मी विसरलेले नाही. तेव्हापासून पाणी आलं की त्यामागे पक्षी येतात का, हे मला आकड्यांत हवं होतं. "खूप दिसले" असं लिहून पुढच्या वर्षी कशाशी ताडून बघणार?

पंधरा दिवसांतून एकदा, एकाच जागी उभं राहून, अर्धा तास मोजते. तेही भरतीला. ठाणे खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की पक्षी विसाव्याला तळ्यात येतात. ओहोटीला तेच खाडीभर पांगतात आणि तळं उगाच ओसाड वाटतं.

आधी वहीत रेघा मारायचे. मान खाली घातली की थवा कुठवर मोजला तेच हरवायचं. आता दुर्बीण डोळ्यांवरून हलत नाही. शेकाटे, तुतवार विखुरलेले असले तर एका पक्ष्याला एक क्लिक. रोहितांची दाटी असली तर आधी दहा नीट मोजते, ते किती जागा घेतात हे नजरेत बसवते आणि मग दर दहांना एक क्लिक. अशा वेळी वहीत "गुणिले 10" लगेच लिहावं.

पहिला प्लास्टिकचा होता. पावसाळ्यानंतर त्याची चाकं अडकू लागली. घरी शंभर वेळा दाबून पाहिला तर आकडा 94! विकणारा म्हणाला, "एवढं चालतं." नाही चालत. त्यापायी दोन दिवसांची मोजणी मला खोडावी लागली. स्टीलचा अजून एकदाही चुकलेला नाही; खाऱ्या हवेमुळे घरी आल्यावर कोरड्या फडक्याने पुसते, आणि निघण्याआधी शंभर क्लिकची परीक्षा घेतेच.

उणिवा दोन: दोन जाती एकदम मोजता येत नाहीत, दोन फेऱ्या कराव्या लागतात. आवाजही होतो. काठाशी बसलेल्या वंचक बगळ्याने त्यावर मान उंचावलेली मी पाहिली आहे, म्हणून हात ओढणीत गुंडाळते.

एकही रोहित नव्हता त्या सकाळीही काउंटर नेला होता. वहीत तारीख आहे, भरतीची वेळ आहे, आणि पुढे 0000.