दालमिलमधला तीन नोडचा प्रॉक्समॉक्स क्लस्टर: नऊ महिन्यांनंतर

जळगावच्या एमआयडीसीतल्या एका दालमिलचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. वजनकाट्याचं सॉफ्टवेअर, टॅली आणि गेटवरच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग, एवढाच पसारा. पण तुरीच्या हंगामात काटा अर्धा तास थांबला तरी गाड्यांची रांग रस्त्यावर जाते. म्हणून दिवाळीनंतर दोन जुने छोटे पीसी घेऊन त्यांच्यावर प्रॉक्समॉक्सचा (एकाच मशीनमध्ये अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारं सॉफ्टवेअर) क्लस्टर, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या मशीनचा गट, उभा केला. आज नोड, म्हणजे गटातली मशीन, तीन आहेत. कोणी दोनच नोडवर भागवायचं ठरवत असेल, तर त्याने आधी पुढचं वाचावं.

जानेवारीत एका रात्री लाइट गेली ती पहाटेपर्यंत आलीच नाही. इन्व्हर्टर उतरला, दोन्ही मशीन बंद. सकाळी एकच उठलं. दुसऱ्याचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) उडाला होता. काट्याचं व्हीएम नेमकं उठलेल्या मशीनवरच होतं, डिस्क ठणठणीत होती, तरी ते सुरू होईना. आमचा काटेवाला अमळनेरकडचा. तो फोनवर परत परत तेच सांगत होता, "भाऊ, काटा बंद पडना, गाड्या उभ्या शेतस."

कारण होतं कोरम, म्हणजे मतांचं बहुमत. कोरोसिंकमध्ये (नोडना एकमेकांशी जोडून ठेवणारा प्रॉक्समॉक्सचा भाग) प्रत्येक नोडला एक मत असतं, आणि निम्म्याहून जास्त मतं जमल्याशिवाय क्लस्टर कुठलाही बदल करू देत नाही. दोनाचं बहुमत दोनच. एक नोड गेला की उरलेल्यावरची क्लस्टरची सेटिंग फक्त वाचण्यापुरती राहते. चालू व्हीएम चालत राहतात, पण बंद पडलेलं पुन्हा सुरू करता येत नाही. नियम योग्यच आहे. मधली केबल निघाली आणि दोन्ही मशीननी आपापल्या मनाने बदल केले, तर खरी नोंद कोणती हे ठरवायचं कोणी? त्या दिवशी 'पीव्हीईसीएम एक्सपेक्टेड १' ही, एकच मत पुरे असं क्लस्टरला सांगणारी, कमांड दिल्यावर काटा सुरू झाला. पण दुसरं मशीन बंद आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती कमांड देऊ नका.

त्याच आठवड्यात घरी पडून असलेल्या रास्पबेरी पाय या चिमुकल्या कॉम्प्युटरवर क्यूडिव्हाइस लावलं. ते व्हीएम चालवत नाही, फक्त तिसरं मत देतं. इतक्या कमी पैशात इतका जीव शांत करणारं दुसरं काही मी या नऊ महिन्यांत लावलं नाही.

मार्चमध्ये शेठजींनी तिसऱ्या मशीनला होकार दिला. नोड जोडणं तसं दोन मिनिटांचं काम: चालू क्लस्टरमधून जॉइन इन्फर्मेशन कॉपी करायची, नव्या नोडवर पेस्ट करायची, रूटचा (मुख्य अॅडमिनचा) पासवर्ड द्यायचा. सर्टिफिकेट बदलत असल्याने मधेच पान अडकल्यासारखं दिसतं, तेव्हा न घाबरता रिफ्रेश करावं. वेळ जातो तो आधीच्या तयारीत. क्यूडिव्हाइस असेल तर ते पहिल्यांदा काढावं लागतं. नव्या नोडवर एकही व्हीएम असून चालत नाही, कारण जोडताना त्याची सेटिंग पुसली जाऊन क्लस्टरची येते. माझ्याकडे त्यावर कॅमेऱ्यांचं व्हीएम होतं. बॅकअप घेतला, काढलं, नोड जोडल्यावर परत रिस्टोअर केलं. नाव आणि आयपी आधीच कायमचे ठरवून टाका, नंतर बदलणं फार जिकिरीचं. आणि प्रोसेसर वेगवेगळ्या पिढ्यांचे असतील तर व्हीएमचा सीपीयू प्रकार 'होस्ट' (म्हणजे त्या मशीनच्या प्रोसेसरसारखाच) ठेवू नका. चालू व्हीएम दुसऱ्या नोडवर हलवताना ते कोसळू शकतं.

मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, त्यात मिलमध्ये चुनी-भुशाची बारीक धूळ. गोडाऊनच्या भिंतीला लागून ठेवलेल्या नोडचा पंखा धुळीने जाम झाला आणि तो सारखा बंद पडू लागला. तेव्हा नोड काढायचीही वेळ आली. व्हीएम हलवली, त्या नोडची रेप्लिकेशनची (व्हीएमची कॉपी दुसऱ्या नोडवर पाठवण्याची) कामं काढली, मशीन बंद केलं, मग दुसऱ्या नोडवरून 'पीव्हीईसीएम डेलनोड' दिलं. काढलेला नोड जुन्या इन्स्टॉलेशनसह त्याच नेटवर्कवर पुन्हा चालू करायचा नाही, ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मी डिस्क पूर्ण पुसली, नवं नाव दिलं आणि मशीन ऑफिसच्या खोलीत नेऊन पुन्हा जोडलं. आता दर पंधरा दिवसांनी तिन्ही मशीनना ब्लोअर मारतो.

काट्याच्या व्हीएमची झेडएफएस (डिस्कवरची फाइल सिस्टीम) कॉपी दर ५ मिनिटांनी दुसऱ्या नोडवर जाते; मूळ सेटिंग १५ मिनिटांची असते. नोड अचानक गेला तर जास्तीत जास्त तेवढ्या वेळातल्या पावत्या हाताने भराव्या लागतील. शेठजींना हे आधीच सांगून ठेवलंय आणि त्यांना ते मान्य आहे.

एचए (हाय अव्हेलेबिलिटी, म्हणजे नोड पडला की त्याची व्हीएम दुसऱ्या नोडवर आपोआप सुरू होणं) मात्र मी अजून चालू केलेलं नाही. एचए लावलेल्या नोडचा कोरम सुटला की साधारण मिनिटभरात वॉचडॉग (मशीनवर नजर ठेवणारा टायमर) त्याला रीस्टार्ट करतो. आमचे तिन्ही नोड एकाच स्विचवर आहेत, आणि तो स्विच इन्व्हर्टरवर नव्हता हे मला मे महिन्यात कळलं. एचए असतं तर लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवरची तिन्ही मशीन एकदम रीस्टार्ट झाली असती. स्विच आता इन्व्हर्टरवर घेतलाय. कोरोसिंकसाठी दुसरा स्विच आणि प्रत्येक नोडला जादा नेटवर्क कार्ड मागवलंय. नवी तूर यायच्या आत ते बसवायचं आणि एखाद्या रविवारी, काटा बंद असताना, एकेक केबल काढून बघायची.