सोन्याचं जुनं घड्याळ आणि 'वीस वर्षांची गॅरंटी'

सोलापुरात जुनी सोन्याची खिशातली घड्याळं जमवणाऱ्यांनी हे जरूर वाचा. माझे सव्वा लाख गेलेत, तुमचे जाऊ नयेत.

विकणारा ओळखीतून आला होता. आजोबा जीआयपी रेल्वेत (इंग्रजांच्या काळातली रेल्वे कंपनी) गार्ड, निवृत्त होताना गोऱ्या साहेबानं दिलेलं हे वॉल्थम या अमेरिकन कंपनीचं 'रेल्वे घड्याळ', असं त्यानं सांगितलं. १८६० साली रेल्वे आलेल्या गावात अशी गोष्ट कुणालाही खरी वाटते. डबीच्या आत इंग्रजीत १४ कॅरेट आणि २० वर्षांची गॅरंटी असं कोरलेलं. "कंपनीचा मशीनवर केवढा भरवसा होता बघा!" तो म्हणाला. सराफाकडे कस लावला, १४ कॅरेट निघालं. कॅरेटमीटरनंही तेच दाखवलं.

खरी मेख इथंच आहे. त्या काळी अमेरिकेत पितळेवर सोन्याचा पातळ पत्रा दाबून बसवलेल्या डब्या निघायच्या. गॅरंटी मशीनची नव्हे. तो पत्रा झिजून पितळ उघडं पडायला किती वर्षं लागतील, याची. कसोटी आणि कॅरेटमीटर दोघांनाही फक्त वरचा थर कळतो, आणि तो थर खरोखर सोन्याचाच असतो! भरीव सोन्याच्या डबीवर झिजण्याची गॅरंटी कोण कशाला देईल?

आमच्या घड्याळजींनी भिंग लावलं तेव्हा कडीजवळ आणि बिजागरीवर पितळ दिसलं. मशीन सात ज्वेलचं (ज्वेल म्हणजे चाकांचे आस झिजू नयेत म्हणून बसवलेले छोटे खडे). अमेरिकेत १८९१ च्या किप्टन इथल्या रेल्वे अपघातानंतर रेल्वे घड्याळांचे नियम कडक झाले, पुढे किमान १७ ज्वेल आणि आठवड्याला ३० सेकंदांच्या आत फरक अशी अट आली. सात ज्वेलचं मशीन त्यात बसतच नाही. डबीच्या कडेला स्क्रूच्या जादा खुणाही होत्या, म्हणजे डबी एका घड्याळाची, मशीन दुसऱ्याचं.

घेण्याआधी घड्याळजीकडून मशीन बाहेर काढून घ्या, काच काढा आणि नुसती डबी आधी कोरडी, मग पाण्यात बुडवून तोला. कोरड्या वजनाला पाण्यात घटलेल्या वजनानं भागलं की घनता मिळते. पितळेची घनता साधारण साडेआठ, १४ कॅरेटची तेराच्या आसपास, १८ची पंधराच्या. वॉल्थमच्या मशीनवरच्या नंबरावरून ते किती ज्वेलचं, कोणत्या साली बनलं हे सापडतं, तेही बघा. विकणारा मशीन काढू देत नसेल तर व्यवहार तिथंच थांबवा. पावतीवर 'भरीव सोनं' असं लिहून, सही घेऊनच पैसे द्या.

मी पोलिसांत तक्रार दिली आहे. त्याचा फोन बंद आहे. पंढरपूर, अक्कलकोटकडे कुणी गार्ड आजोबांची हीच गोष्ट सांगत आला, तर पैसे देऊ नका, आधी पोलीस ठाण्यात कळवा.