लांब दांड्याचं हातकोळपं: दोन हंगाम वापरल्यावर

सामायिक बागेत भाड्याने मिळालेला माझा तुकडा दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद आहे. कागदावर ५० चौरस मीटर अगदी एवढुसे वाटतात. पण एक पाऊस पडून गेला आणि आठवडाभर तिकडे जाणं झालं नाही, की गाजराची ओळ कुठे आहे तेच सापडत नाही. पहिलं वर्ष मी सगळी खुरपणी उकिडवं बसून केली. नंतर गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी उकिडवं बसायचं नाही म्हणून सांगितलं, आणि तुकडा परत करायचा का यावर घरात बोलणंही झालं. तेव्हा उभ्याने तण काढायचं हे कोळपं घेतलं. आता दोन हंगाम झालेत. तुकडा अजून माझ्याकडे आहे तो याच अवजारामुळे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

याचं पातं घोड्याच्या रिकिबीसारखं आहे. खालची पट्टी साधारण साडेबारा सेंटिमीटर रुंद आणि दोन्ही कडांना धार. हे पातं दोन बोल्टांवर जरासं मागेपुढे झुलतं. ढकललं की एका बाजूला कलतं, ओढलं की दुसऱ्या, त्यामुळे जातानाही कापतं आणि येतानाही. साधं कोळपं फक्त ओढतानाच काम करतं. दांडा लाकडी, दीड मीटरचा. वाकावं लागत नाही, जोरही लावावा लागत नाही. जोर लावावा लागतोय असं वाटलं तर एक तर धार गेलीय, नाही तर तुम्ही फार उशिरा आलात.

उशिरा म्हणजे काय, तेच मला पहिल्या महिन्यात कळलं नव्हतं. मी तण चांगलं बोटभर वाढेपर्यंत थांबायचे आणि मग कोळपं अडतं म्हणून चिडायचे. शेजारच्या तुकड्यावरच्या काकांनी एकदा मला खाली बघायला लावलं. वाफा मला स्वच्छ दिसत होता. त्यांनी बोटाने वरची माती नुसती सरकवली, तर खाली पांढरे धागे. बी रुजलेलं, पण पान अजून वर आलेलं नाही. ‘ताई, कोळपायचं ते आत्ता,’ ते म्हणाले. त्या दिवसापासून मी तण दिसायची वाट बघत नाही. दर पाच-सहा दिवसांनी ओळींमधून पातं फिरवते. अर्ध्या तासात सगळं कोळपून होतं. पूर्वी याच कामाला माझी सबंध सकाळ जायची.

पातं मातीखाली एक-दोन सेंटिमीटरच चालवायचं. खोल घातलं की दोन नुकसानं होतात. पिकाची वरवरची मुळं तुटतात, कांदा आणि काकडी यात लगेच मार खातात. आणि खाली झोपलेलं तणाचं बी उजेडात येतं. हे बी किती काळ तग धरतं त्याचा विचार केला की मला अजून नवल वाटतं. विल्यम बील या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ साली मिशिगनमध्ये तणाचं बी भरलेल्या २० बाटल्या जमिनीत पुरल्या. त्यातली एक २०२१ मध्ये उकरली, तर १४१ वर्षांनंतरही काही बी रुजलं. ज्या बियांना रुजायला उजेड लागतो, त्यांना अंधारात तसंच राहू द्यावं. हे पातं नेमकं तेवढं करतं, वरची साय सैल करतं आणि खालच्याला हात लावत नाही.

पाण्याचाही फायदा आहे. वरचा थर मोकळा केला की खालची ओल लवकर उडून जात नाही. कोळपणी म्हणजे अर्धं ओलीत, असं शेतकरी म्हणतात ते उगाच नाही. एक चौरस मीटरवर दहा लिटर पाणी ओतलं, तर तो दहा मिलिमीटर पाऊस झाला. म्हणजे दहा लिटरच्या पन्नास झाऱ्या, प्रत्येक झारीत दहा किलो पाणी, तेव्हा कुठे माझा तुकडा एकदा भिजतो. एक फेरी वाचली तरी खांदे दुवा देतात.

आता जिथे हे अवजार कमी पडतं ते सांगते. हरळी आणि लव्हाळा यांच्यापुढे त्याचं काही चालत नाही. लव्हाळ्याची पात कापली जाते, पण खालच्या गाठी शाबूत राहतात आणि चार-पाच दिवसांत नवी पात वर. हरळीचे तर तुकडेच होतात आणि डोळा असलेला प्रत्येक तुकडा पुन्हा फुटू शकतो. ही दोन्ही खणूनच काढावी लागतात. घोळ नावाचं तणही कापून तिथेच टाकू नका, ओल्या मातीवर त्याचे दांडे परत मुळं धरतात. गोळा करून बाहेर न्या. रोपाच्या अगदी बुंध्याशी उगवलेलं तण आजही मी हातानेच काढते, छोट्या स्टुलावर बसून. आणि आच्छादन घातलेल्या वाफ्यात हे चालतच नाही, पालापाचोळा पात्यात अडकतो. मी अर्ध्या तुकड्यावर आच्छादन घालते आणि अर्ध्यावर कोळपते.

ओल्या मातीत तर अजिबात नको. वाफसा आल्यावरच, म्हणजे पाणी निथळून माती नुसती ओलसर राहिली की. चिकट मातीचा लगदा पात्याला बसतो, आणि कापलेलं तण ओलीवर पडून पुन्हा जगतं. मी ऊन्ह चढायच्या आधी कोळपते, मग दुपारपर्यंत सगळं वाळून कोळ होतं.

माझी खरी तक्रार बोल्टांची आहे. तिसऱ्याच आठवड्यात एक नट कधी गळून पडला ते कळलंही नाही, पातं एका बाजूने लोंबायला लागलं. मातीत तो नट मी तासभर शोधला. विकणाऱ्याला कळवलं तर उत्तर आलं, सुटा भाग मिळत नाही, नवीन घ्या. मला हे फार लागलं. एका नटासाठी आख्खं अवजार टाकायचं? शेवटी हार्डवेअरच्या दुकानातून आत नायलॉनची कडी असलेले नट आणून बसवले. तेव्हापासून एकदाही ढिले झालेले नाहीत. नवीन घेणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी हे करून टाकावं.

देखभाल फार नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी कानस मारते. हंगाम संपला की पातं पुसून तेलाचा हात देते आणि दांड्याला जवसाचं तेल चोळते. एक गोष्ट मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवावी: जवसाच्या तेलाचा बोळा चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना आतल्या आत तापतं आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. उघड्यावर पसरून वाळवा.

कशासाठी एवढं, असं कुणी विचारलं तर मी त्यांना गाजराच्या ओळीपाशी नेईन. गाजर उगवायला दोन-तीन आठवडेही घेतं आणि तोवर तण पुढे निघून जातं. म्हणून मी त्याच ओळीत मधे मधे मुळ्याचं बी टाकते. मुळा चार-पाच दिवसांत वर येतो आणि ओळ कुठे आहे ते दाखवतो. मग त्याच्या दोन्ही बाजूंनी, बोटभर अंतर ठेवून, पातं नेता येतं. सकाळी आजूबाजूला कुणी नसतं. मातीतून पातं सर्रकन जातं, मधेच खड्याला लागून टिंग वाजतं, मागे भुसभुशीत काळी पट्टी उरते आणि ओल्या मातीचा वास येतो. आणि एखाद्या दिवशी त्या पट्टीच्या मधोमध गाजराची पहिली पानं दिसतात, केसाएवढी बारीक. मी तिथेच दांड्यावर हात टेकून उभी राहते.

आठवड्यातून एकदा तरी जाणं होत असेल तर जरूर घ्या. महिन्यातून एकदा जाणार असाल तर पैसे आच्छादनावर घाला. घेताना दांडा उभा धरून बघा, टोक निदान हनुवटीपर्यंत यायला हवं. काका माझ्यापेक्षा बरेच उंच, माझं कोळपं नेतात तेव्हा त्यांना वाकावंच लागतं. त्यांनी आता स्वतःसाठी पावणेदोन मीटरचा दांडा बसवून घेतलाय.