बोहरी आळीतला बिडाचा तवा: कच्च्या टोमॅटोच्या कापांवर घेतलेली परीक्षा

बिडाचा तवा घेऊन चार महिने झाले. तोवर काही लिहायचं नाही असं ठरवलंच होतं, कारण बिडाचं भांडं पहिल्या आठवड्यात कसंही वागलं तरी त्यावरून काही सांगता येत नाही. दहा इंची, दोन इंच उभ्या काठाचा, दोन्ही बाजूंना तेल ओतायला चोच, एकच आखूड दांडा. किंमत १,३५० रुपये. वजन दुकानदाराच्या मते अडीच किलो, आमच्या घरच्या काट्यावर २ किलो ३४० ग्रॅम. घेतला पुण्याच्या बोहरी आळीत. दुकानाचं नाव देत नाही, पुढे एक तक्रार आहे.

भोसरीच्या एका फाउंड्रीत, म्हणजे बीड वितळवून ओतायच्या कारखान्यात, मी ३१ वर्षं काढली, शेवटची अकरा इन्स्पेक्शनला. त्यामुळे बिडाची वस्तू घेताना मी दुकानदाराला नकोसा होतो. तवा दांड्याला टांगून टिचकी मारली. घंटेसारखा टणटणला तर ठीक, बद्द वाजला तर कुठेतरी बारीक तडा. पालथा घालून, बूड सपाट आहे का ते बघायला पट्टी लावली. काठाची जाडी चिमटीत धरून गोल फिरवून पाहिली. ओतताना मोल्डचे दोन भाग जरा सरकले तर एक बाजू जाड आणि दुसरी पातळ निघते, आणि पातळ बाजूला पदार्थ करपतो. एकात तर दोन ब्लोहोल, म्हणजे ओतताना हवा अडकून पडलेली भोकं, स्पष्ट दिसत होते. असे तीन बाजूला ठेवले तेव्हा दुकानदार म्हणाला, "काका, याचं इंजिन बनवणार आहात का?" चौथा घेतला.

आता यात टोमॅटो कुठून आले ते. थोरला मुलगा २०१९ मध्ये अमेरिकेत अलाबामातल्या बर्मिंगहॅमला होता. इतरांची मुलं आईबापांना नायगारा दाखवतात, आमच्याने मला बंद पडलेली भट्टी दाखवली, आणि मी खूश झालो. ते गावच लोखंडावर उभं राहिलेलं. खनिज, कोळसा आणि चुनखडी तिन्ही हाताशी, म्हणून १८७१ मध्ये वसवलं. स्लॉस फर्नेसेस या नावाच्या तिथल्या भट्ट्या १८८२ ते १९७१ चालल्या, आता तिथे संग्रहालय आहे. टेकडीवर व्हल्कनचा, म्हणजे रोमन लोकांच्या अग्नी आणि लोहारकामाच्या देवाचा, ५६ फुटी पुतळा आहे. अख्खा बिडाचा, १९०४ च्या सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनासाठी तुकड्यातुकड्यांनी ओतलेला. मी खालून त्याचे सांधे शोधत होतो, बायको सावली शोधत होती.

मग दुपारी शेजारच्या आयर्नडेलमध्ये, रेल्वेरुळांलगतच्या एका जुन्या कॅफेत गेलो. तिथले तळलेले हिरवे टोमॅटो प्रसिद्ध आहेत, १९९१ च्या एका हॉलिवूडपटानंतर तर फारच. हा पदार्थ अमेरिकेच्या दक्षिणेचा म्हणून मिरवतो, पण रॉबर्ट मॉस या तिथल्याच खाद्य-इतिहासाच्या अभ्यासकाने जुने छापील कागद चाळून दाखवलंय की त्याच्या सुरुवातीच्या कृती सापडतात त्या उत्तरेकडच्या आणि मध्य-पश्चिमेकडच्या. आपला साबुदाणा नाही का, आला सातासमुद्रापलीकडून आणि बसला एकादशीला. बायकोने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "अहो, हे तर काप!" तिचं बरोबर होतं. वांग्याचे, सुरणाचे करतो तेच. फक्त वर रवा मक्याचा.

तेव्हापासून घरी हे कितीदा केले, पण नॉनस्टिकवर. तसे होतच नव्हते. म्हणून हा तवा.

तक्रार आता सांगतो. दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं होतं, "सीझन केलेलाच येतो, घरी जा आणि वापरा." सीझन केलेला म्हणजे तेलाचा थर तापवून पक्का बसवलेला. घरी ओल्या फडक्याने पुसला तर फडकं काळंभोर, आणि गॅसवर ठेवल्यावर मेणबत्ती विझवल्यासारखा वास. तो गंज चढू नये म्हणून मारलेला थर होता, तेलाचा नव्हे. ज्याला माहीत नाही तो यावर थालीपीठ लावणार आणि तोच वास पोटात घालणार. मी साबण आणि काथ्याने घासून सगळा काढला, मंद आचेवर तवा खडखडीत वाळवला. आधी हौसेने जवसाचं तेल लावलं. सुंदर काळा थर आला आणि तिसऱ्या आठवड्यात त्याचे पोपडे निघाले. पुन्हा घासला. मग सूर्यफुलाचं तेल, लावून परत पुसून काढलं आहे असं वाटावं इतकं पातळ, आणि ओव्हनमध्ये पालथा घालून २३० अंशांवर तासभर. असे चार हात. गॅसवरही होतं, पण काठ कच्चे राहतात.

मंडईत हिरवे टोमॅटो मागितले की मावशी विचारतात, "चटणीला का?" हो म्हणावं. तळायला म्हटलं तर भाव तोच राहतो, चर्चा वाढते. टोमॅटो पूर्ण हिरवा आणि दगडासारखा घट्ट हवा. जरा गुलाबी झाक आलेला गदर नको, तव्यात त्याचा लगदा होतो. घरी आणल्यावर केळ्यांशेजारी ठेवू नका, दोन दिवसांत रंग धरतात. मक्याचीही एक गंमत. मक्याचं पीठ मागितलं की किराणावाला पांढरंशुभ्र कॉर्नफ्लोअर पुढे करतो. तो स्टार्च, मंचुरियनचा. आपल्याला हवा पिवळा, बोटांना रवाळ लागणारा मक्याचा रवा. आणि मूळ कृतीतलं बटरमिल्क आपल्या ताकापेक्षा पुष्कळ दाट असतं, त्यामुळे दही घुसळून त्यात चमचा-दोन चमचे पाणी, बस.

पहिला घाणा फसला. चकत्या ओल्या होत्या, तवा पुरता तापला नव्हता, मक्याचा रवा तव्याला आणि टोमॅटो झाऱ्याला. दुसऱ्या दिवशी नीट केलं. अर्धा किलो टोमॅटो, आठ मिलिमीटरच्या चकत्या. व्हर्निअर लावून मोजल्या नाहीत, पण ३१ वर्षांत डोळा बसतो. यापेक्षा पातळ केल्या तर आत काही उरत नाही, जाड केल्या तर मधे कच्चट राहतात. मीठ लावून अर्धा तास जाळीवर, मग जुन्या पंचाने दाबून कोरड्या. आधी मैद्यात घोळवायच्या, मग दह्यात, मग मीठ-तिखट घातलेल्या मक्याच्या रव्यात, आणि तव्यात टाकण्याआधी दहा मिनिटं तशाच ठेवायच्या. ही दहा मिनिटं सोडू नका, आवरण त्यातच धरतं. तवा मंद आचेवर सात-आठ मिनिटं तापवायचा, मग अर्धा सेंटिमीटर तेल. एका वेळी पाचच चकत्या, एका बाजूला तीन मिनिटं, मधे ढवळाढवळ नाही. आपणहून सुटली की उलटायची. काढून कागदावर नको, जाळीवर, नाहीतर खालची बाजू स्वतःच्याच वाफेने मऊ पडते.

आणि इथे तव्याने आपली किंमत वसूल केली. बीड उष्णता झटपट वाहून नेतं असं लोक सांगतात, ते चूक आहे. ॲल्युमिनियम त्याच्या चौपट वाहून नेतं. म्हणून तर बीड सावकाश तापवावं लागतं, मोठ्या आचेवर मधे भडका आणि काठाला गार अशी अवस्था होते. बिडाचा गुण वजनात आहे. पाच थंडगार चकत्या टाकल्या की नॉनस्टिकमधलं तेल गप्प बसतं आणि मक्याचा रवा ते पीत राहतो. या तव्यात आवाज क्षणभर उतरला आणि परत चढला. काप बाहेरून कुरकुरीत, आत आंबट, चाकूने कापावा लागेल इतपत घट्ट. तिकडे यासोबत मेयोनीजसारखा सॉस देतात. आम्ही दही आणि दाण्याची चटणी घेतली. माझ्या मते हे जास्त बरं लागतं, बायकोच्या मते यात मताचा प्रश्नच नाही.

बाकी त्रास आहेतच. दांडा आखूड, समोरच्या बाजूला कान नाही, त्यामुळे भरलेला तवा उचलायचा तर एका हातात फडकं आणि दुसऱ्यात सांडशी. बायकोचं मनगट दुखतं, म्हणून चोच असूनही तेल ओतणं माझ्याकडे. पावसाळ्यात एक रात्र सिंकमध्ये राहिला आणि सकाळी तांबूस गंज. तापलेल्यावर गार पाणी ओतू नका, बीड ठिसूळ असतं, तडकेल. टोमॅटोच्या आंबटपणाने तेलाचा थर जातो का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. कापांना आवरण असतं आणि काम सहा मिनिटांचं, काही होत नाही. पण चिंच-गुळाची आमटी यात कराल तर माझी चार हातांची मेहनत धुऊन जाईल आणि आमटीला लोखंडाची चव येईल.

पाचपैकी चार. कापलेला एक गुण अर्धा दांड्याचा, अर्धा थापेचा.

परवा धाकट्या बहिणीसाठी दुसरा आणायला त्याच दुकानात गेलो. "सीझन केलेलाच आहे, काका." मी काही बोललो नाही. तवा टांगला, टिचकी मारली आणि १,२०० म्हटलं. १,२८० ला दिला.